कुजबुजकाकांची शिंक

नाटक कंपनीत सगळ्यांना सगळ्यांच्या शिंका पाठ होत्या. नायकाची शिंक म्हणजे दिमाखदार प्रवेशच. आधी श्वास ओढायचा, सगळे आपल्याकडे बघतायत ना याची खात्री करायची, मग 'आऽऽक्छू!' आणि वर टाळीची वाट बघत थांबायचं. पेटीवाले भाता फाटल्यासारखे 'फुस्स' करत. बाई, म्हणजे कंपनीतल्या ज्येष्ठ नटी, रंगमंचावर गर्जायच्या; शिंकायच्या मात्र उंदराच्या पिल्लासारख्या, 'चिक्'.

प्रॉम्प्टरची शिंक तेवढी कुणी ऐकली नव्हती. ऐन तारुण्यात ते विंगेतल्या स्टुलावर बसले, ते केस पिकले तरी तिथेच. नटाला विसरलेलं वाक्य हळूच द्यायचं काम, म्हणून सगळे त्यांना कुजबुजकाका म्हणत. विंगेत धूळ फार. शिंक आली की काका नाक चिमटीत धरत, तोंड गच्च मिटत, खांदे एकदा उडत आणि शिंक आतल्या आत गडप. या कसबाचा त्यांना भारी अभिमान.

त्याच कसबाने घात केला. डाव्या कानाला दडा बसला, तो सुटेचना. डॉक्टर म्हणाले, "कानाच्या पडद्याला इजा झालीय. शिंक दाबत राहिलात तर कान जाईल."

"कान गेला तर नट अडखळला हे कळणार कसं?"

"मग शिंका की मोकळेपणाने!"

"विंगेत? हाकलून देतील मला!"

घरी बायकोने समजावलं, "अहो, निदान इथे तरी शिंका. शेजारी काही तिकीट काढून बसलेले नाहीत." पण शिंक आली की हात सवयीने नाकाकडे जायचाच.

रविवारी दुपारचा प्रयोग होता. शेवटचा अंक. आजारी मुलाच्या उशाशी आई झालेल्या बाई, बाप भांडून निघून गेलेला. प्रेक्षक श्वास रोखून बसलेले. वरच्या झालरीतून धूळ भुरभुरली. काकांचं नाक हुळहुळलं, बोटांची चिमूट झाली... आणि त्यांनी तो हात मांडीखाली दाबून धरला.

शिंक कसली, भांड्यांचं अख्खं कपाटच कोसळलं!

बाईंनी मानही वळवली नाही. "बाळा, बाबा आलेत वाटतं तुझे," त्या म्हणाल्या. "बाहेर गारठ्यात उभे आहेत. आत यायची लाज वाटतेय त्यांना." प्रेक्षागृहात कुणीतरी हुंदका दिला. मग बाई थांबल्या. पदरचं वाक्य घातलं खरं, पण त्या नादात पुढचं डोक्यातून गेलं. काकांना ते थांबणं लख्ख ऐकू आलं. त्यांनी वाक्य दिलं आणि नाटक पुढे सरकलं.

पडदा पडताच मालक तरातरा विंगेत आले. "काका, हा काय प्रकार?"

"धूळ फार आहे, मालक. आणि शिंक दाबली तर कान जातोय माझा. उद्यापासून दुसरा माणूस बघा."

मालकांनी वर बघितलं, झालरीला काठी लावली आणि अंगावर पडलेल्या धुळीने स्वतःच तीनदा शिंकले. "अहो, विंगेतून कधी शिंक आली नाही, मला वाटलं धूळच नाही!" ते नाक पुसत म्हणाले. "दुसरा माणूस कशाला? उद्या सगळ्या झालरी उतरवून झटकायच्या. आणि तरीही आली, तर शिंका. बाई सांभाळतील."

बाई दागिने उतरवत होत्या. "इतकी वर्षं बरोबर काढली आणि तुमची शिंक आज ऐकली. एवढी दणदणीत असते होय?"

काका लाजले. "मलाही आजच कळलं, बाई."