गाडी उभी आहे ना?

फोन लागला की आमची आई आधी तब्येत विचारायची नाही, जेवण झालं का हेही विचारायची नाही. ती विचारायची, "गाडी उभी आहे ना?" पलीकडून "उभी आहे" असं उत्तर आलं की मगच पुढचं बोलणं.

वडील एसटीचे ड्रायव्हर होते. चाकावर बसलेल्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही, हा आमच्या घरचा नियम. आजोबा वारले तेव्हा वडील मुक्कामाची गाडी घेऊन गेले होते. दुसऱ्या दिवशी गाडी डेपोत लागेपर्यंत आईने त्यांना निरोप जाऊ दिला नाही. "मागे पन्नास माणसं विश्वासाने झोपलेली असतात," ती म्हणायची. पुढे वडील गेले, बारावी झालेला मोठा भाऊ ट्रान्सपोर्टच्या ट्रकवर बसला आणि हा नियम त्याला लागू झाला.

मी तेव्हा दहावीत होतो. दादाने ट्रक चालवला म्हणून मी तालुक्याच्या शाळेतून निघून इंजिनिअर झालो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. दादा आधी आखातात गेला, मग कॅनडाला. तिथल्या पंजाबी ड्रायव्हरांत राहून त्याच्या मराठीला वेगळाच हेल आला होता. मी सिंगापूरला आलो, बिशानला फ्लॅट घेतला, लग्न झालं, मुलगी झाली. दादाने लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचा, "बारक्या, माझा संसार अठरा चाकांचा. बायको कुठे बसवू?"

आईशी तो ट्रकच्या केबिनमधूनच बोलायचा. कधी कधी गाडी चालू असताना "उभी आहे" म्हणून दडपून सांगायचा. आई लगेच ओळखायची. "खोटं बोलू नकोस. चाकांचा आवाज येतोय मला. ठेव फोन."

करोना आला तेव्हा मी फ्लॅटमध्ये बंद झालो आणि दादा रस्त्यावर राहिला. मुलगी एका खोलीत शाळा करायची, बायको दुसऱ्या खोलीत ऑफिस, मी जेवणाच्या टेबलावर. दादा मात्र अमेरिकेतून भाजी, औषधं आणि कागदाचे गठ्ठे भरून सीमा ओलांडत होता. कॅनडाचे पंतप्रधान त्या दिवसांत रोज आपल्या घराबाहेर येऊन लोकांशी बोलायचे. एकदा त्यांनी ट्रकवाल्यांचे आभार मानले. दादाने तेवढा तुकडा मला पाठवला.

"बारक्या, पंतप्रधानांनी माझं नाव घेतलं."

"तुझं?"

"ट्रकवाल्यांचं. म्हणजे माझंच की."

रस्त्याकडेला लहान मुलं आभाराच्या पाट्या घेऊन उभी असायची. त्यांचे फोटोही तो पाठवायचा. मात्र माल उतरवायला गेलं की गोदामवाले त्याला संडास वापरू द्यायचे नाहीत, हे त्याने मला खूप उशिरा सांगितलं. एकदा महामार्गाच्या कडेला केबिनमध्येच तो तापाने पडून होता. एकटाच. बरा झाल्यावर त्याने ते आम्हाला कळवलं, तेही हसत.

मग लस आली. इथे आमची पाळी येताच मी घेतली, आणि दंडाला चिकटवलेल्या कापसाचा फोटो दादाला पाठवला. "घेईन मीही," तो म्हणाला. पण घेतली नाही. तिकडे निवडणूक आली आणि लस हा प्रचाराचा विषय झाला. न घेणाऱ्यांबद्दल जे बोललं गेलं ते त्याच्या जिव्हारी लागलं. मग लस नसलेल्यांना विमानात बसायची बंदी झाली, आणि त्या हिवाळ्यात सीमा ओलांडणाऱ्या ट्रकवाल्यांनाही लस सक्तीची झाली.

"दादा, एका सुईचा प्रश्न आहे," मी म्हणालो.

"सुईचा नाही रे. लस नव्हती तेव्हा मी ही सीमा रोज ओलांडली. तेव्हा मी हिरो. आज मी धोका?"

"सगळ्यांच्या भल्यासाठीच नियम करतात ना."

"तू नियमाच्या देशात राहतोस बाबा. तुला सगळे नियम गोड."

तो चिडवत होता, पण खोटं बोलत नव्हता. हॉकर सेंटर म्हणजे इथला खाण्याच्या गाळ्यांचा बाजार; तिथे शिरताना संपर्कनोंदीचं टोकन दाखवायचं, लस घेतल्याचं दाखवायचं, ठरलेल्या संख्येनेच टेबलावर बसायचं, हे सगळं मी आनंदाने करत होतो. या देशाने मला सांभाळलं, असंच मला वाटत होतं. दादा चुकतोय असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. पण सीमेचा नियम निघाला आणि त्याचं काम थांबलं, तेव्हा त्याचा आवाज ऐकून मी वाद घालायचं सोडलं.

त्याच सुमारास गावाहून मावशीचा फोन आला. मावशी आईसोबतच राहायची. आईला जेवण जात नव्हतं, म्हणून जिल्ह्याला नेऊन तपासण्या केल्या होत्या. पोटात गाठ होती, आणि ती फार पसरली होती. डॉक्टरांनी फार आशा ठेवू नका म्हणून सांगितलं. मग आईने फोन स्वतःकडे घेतला.

"दादाला सांगायचं नाही."

"आई, असं कसं?"

"गाडीवर आहे तो. घरी पोचून हातपाय धुऊन बसला की मग सांगा. रस्त्यावर बर्फ असतो तिथे."

मी हो म्हणालो. आणि त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. सक्तीच्या विरोधात देशभरातून ट्रक राजधानीकडे निघाले होते, आणि तोही आपला ट्रक घेऊन त्यांच्यात निघाला होता.

"आईला सांगू नकोस," तो म्हणाला. "लांबचा माल आहे म्हण. उगाच काळजी करत बसेल."

असे दोघेही एकमेकांपासून लपवत होते, आणि दोघांचंही गुपित माझ्यापाशी होतं.

ओटावाच्या रस्त्यांवर ट्रकांच्या रांगा लागल्या त्या हलेनात. माझं ऑफिस आंग मो किओला. दुपारी जेवायला बसायचो तिथल्या टीव्हीवर ते चित्र दिसायचं: बर्फ, झेंडे, शेकोट्या, आणि भोंग्यांचा अखंड आवाज. शेजारच्या टेबलावरचे म्हातारे अंकल कॉफी ढवळत म्हणाले, "सो कोल्ड, स्टिल कॅन प्रोटेस्ट, आह?" मी हसून मान हलवली. माझा भाऊ तिथे आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्या शहरातल्या लोकांना झोप नाही, लहान मुलं दचकून उठतात, हेही त्याच बातम्यांत सांगत होते. तेही मला खरं वाटत होतं.

एका रविवारी सकाळी मी आई आणि दादाला एकाच व्हिडिओ कॉलवर घेतलं. आईने तिचा प्रश्न विचारला.

"उभी आहे," दादा म्हणाला. "एकदम उभी."

"मग हे भोंगे कसले? लग्न आहे का कुणाचं?"

"हो आई. वरात अडलीय."

"एवढ्या थंडीत?"

"इथले लोक वेडे आहेत गं."

आई हसली. हसताना तिला खोकला आला आणि तिने फोन दूर धरला. माझ्या मागून मुलगी ओरडली, "काका, सो लाउड, ला!" त्यावर दादाने आपलाही भोंगा वाजवून दाखवला. आम्ही सगळे हसलो. चौघांचं एकत्र असं ते शेवटचंच हसणं.

आई गेल्यावर दादा म्हणाला (फोनवरून गेल्यावर म्हणतोय मी), "थकल्यासारखी दिसली रे."

"वय झालं," मी म्हणालो.

थोड्या वेळाने तो आपणच सांगू लागला. "इथे सगळेच बरे नाहीत. काहींचे द्वेषाचे झेंडे बघवत नाहीत. पण शेजारचा म्हातारा गोरा रोज सूप आणून देतो. बेटा म्हणतो मला, मीच शिकवलंय."

त्यानंतर आईचं पाणीही कमी झालं. ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या, असं डॉक्टर म्हणाले. मी तिकीट काढलं. बायको माझी बॅग भरत होती. भरता भरता थांबली.

"सांगा आता दादांना. आई रागावल्या तर रागावू देत."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत दगडी टेबलाशी बसून मी फोन लावला. शाळेच्या गणवेशातली मुलं समोरून एमआरटीच्या स्टेशनकडे चालली होती. तिकडे संध्याकाळ होती. कोर्टाने भोंगे बंद करायला सांगितले होते, त्यामुळे दादाच्या मागे शांतता होती. कशी सुरुवात करावी ते मला सुचेना. तोंडातून निघून गेलं, "दादा, गाडी उभी आहे ना?"

मी हा प्रश्न त्याला आयुष्यात कधी विचारला नव्हता. तो आईचा प्रश्न होता.

तो म्हणाला, "आई आहे का अजून?"

"आहे. पण फार दिवस नाही."

मी सगळं सांगितलं. त्याने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही.

"घेतो मी," तो म्हणाला.

"काय?"

"लस. उद्या घेतो. उद्या घेतली तर बसू देतील ना विमानात?"

मी त्याच्या आधी ते सगळं वाचून काढलं होतं. दोन डोस लागणार होते, मध्ये काही आठवडे, आणि दुसऱ्यानंतर पुन्हा दोन आठवडे थांबायचं.

"एका डोसवर नाही बसू देत, दादा."

"आईसाठीसुद्धा नाही?"

माझ्या दादाने आयुष्यभर कुणाकडे काही मागितलं नव्हतं. त्याचा तो प्रश्न ऐकून मी टेबलाची कड घट्ट धरली. समोरून एक बाई कुत्र्याला फिरवत गेली आणि तिने वळून माझ्याकडे पुन्हा बघितलं.

त्याने त्याच संध्याकाळी ट्रक रांगेतून काढला. म्हाताऱ्या गोऱ्याने पुढच्या गाड्या हलवून त्याला वाट करून दिली, आणि काय झालं ते कळल्यावर त्याच्या खिडकीशी येऊन हात धरून उभा राहिला. पुढे सरकारने आणीबाणीचे अधिकार वापरले, पोलिसांनी रस्ते रिकामे केले. दादा तेव्हा तिथे नव्हता. तो राहायचा त्या कॅनडातल्या गावी परतून औषधांच्या दुकानात लस घेऊन आला होता. त्याने मला दंडावरच्या कापसाचा फोटो पाठवला. खाली एक शब्दही नव्हता.

तिथल्या खासदाराच्या कचेरीतही त्याने फोन केला. फोनवरच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, पुन्हा पुन्हा माफी मागितली आणि सूट देता येत नाही असं सांगितलं. "रडत होती बिचारी," दादा मला म्हणाला. "मीच तिला म्हटलं, जाऊ दे."

मी निघालो. माझं प्रमाणपत्र, चाचणी, परवानगी, सगळं नीट होतं. चांगी विमानतळावर मला कुणी दोन मिनिटंसुद्धा थांबवलं नाही. ज्याने मला शिकवलं तो मागे राहिला, आणि शिकलेला मी सरळ पुढे गेलो.

आई पुढच्या खोलीत कॉटवर होती. तिचा हात हातात घेतला तर तो लहान मुलीचा वाटला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चांगली जागी होती, तेव्हा मी दादाला व्हिडिओ कॉल लावला. तो ट्रकच्या केबिनमध्येच जाऊन बसला होता. घरात बसून आईशी बोलायची त्याला सवयच नव्हती. तिकडे रात्र होती; काचेबाहेर दिव्यांच्या उजेडात बर्फाने झाकलेलं आवार दिसत होतं.

आई पुटपुटली, "गाडी उभी आहे ना?"

"उभी आहे, आई. किल्लीसुद्धा काढलीय. ही बघ." त्याने किल्ली कॅमेऱ्यासमोर धरली.

आता ती सांगेल, असं मला वाटलं. मावशीनेही पदर तोंडाला लावला. आई त्याच्याकडे बघत राहिली.

"जेवलास?"

"हो."

"काय?"

"खिचडी केली होती."

"तूप?"

"घेतलं गं."

"मी येतोय, आई," दादा म्हणाला.

"ये," ती म्हणाली. "पण सावकाश ये. घाई करू नकोस."

कॉल संपल्यावर मावशी न राहवून बोलली, "अगं, गाडी उभी होती की. सांगायचंस ना त्याला."

आई डोळे मिटूनच म्हणाली, "अजून यायचंय त्याला. केवढं लांबून. मनात घेऊन कसा चालवेल?"

दादाला सगळं माहीत आहे, हे मी तिला सांगितलं नाही. दोन दिवसांनी पहाटे ती गेली. मोठ्या मुलाने द्यायचा तो अग्नी मी दिला. शेजाऱ्याने माझा फोन उंच धरला होता. त्यातून दादाचा आवाज येत होता, "मडकं नीट धर, बारक्या. खांदा बदलू नकोस."

दादा आला तेव्हा उन्हाळा लागला होता. दुसरा डोस आणि त्यानंतरचे दिवस पुरे झाले होते. मीही पुन्हा रजा काढून आलो होतो. तो टॅक्सीने आला, पण कोपऱ्यावरच उतरला आणि बॅग ओढत चालत घरी आला. मावशीने दारात त्याच्या पायांवर पाणी घातलं. ती रडत होती. तो रडला नाही.

आईची कॉट तिथेच होती. वर तिचा फोटो लावला होता. दादा कॉटच्या कडेला, ट्रकमध्ये बसतो तसा पाय खाली सोडून बसला. आम्हाला वाटलं, थकलाय, पडेल जरा. मावशी चहा ठेवायला आत गेली. मी दाराशी उभा होतो.

त्याने फोटोकडे बघून हळूच म्हटलं, "आई, गाडी उभी आहे. आता सांग."