फोटोसाठी फाटकं लुगडं

सासूने पाय पुढे केला आणि बाईने नाक दाबलं.

धुळ्याबाहेर, पांझरेच्या काठी, मिशनने आमच्या वस्तीसाठी कौलारू खोल्या बांधल्या होत्या. फाटकात बादली ठेवलेली. दारी आलेल्या माणसाच्या पायावर घरच्या बाईने पाणी घालायचं, ही आमची रीत. सासूला वाटलं, बादली त्यासाठीच. भेगाळलेली टाच पुढे करून म्हणाली, "पाय धोवाले पाणी टाक, माय."

"म्हातारे, फिनेल आहे ते. पाय बुडव, मग आत ये."

ही बाई मिशनच्या शाळेत शिकवायची. मूळची आमच्यातलीच, आजाने धर्म बदललेला. सासू कसनुसं हसली. बुडवले पाय. मीही बुडवले. काय करणार? गावच्या विहिरीवर घागर लावली म्हणून आमच्या झोपड्या पेटवल्या होत्या. अख्खा उन्हाळा बाभळीखाली काढला. छप्पर हवं होतं. मला तर फारच हवं होतं. पोटात पहिलं मूल होतं.

आम्ही नटून आलो होतो, ही आमची चूक. नव्या घरात पाऊल टाकायचं म्हणून सकाळीच सगळे नदीत अंघोळी करून निघालो. डोक्याला तेल चोपडलं. मी लग्नाचं हिरवं लुगडं नेसले. जळत्या झोपडीतून चांगलं म्हणावं असं तेवढंच बाहेर ओढलं होतं.

गोरी मडम हात जोडून पुढे आली. "आपले स्वागत असो." मग आमच्याकडे पाहतच राहिली. तिचा चेहरा उतरला. गळ्यात कॅमेरा होता. बाईच्या कानात काहीतरी बोलली.

बाई ओरडली, "असं नाही चालणार! जुने, फाटके कपडे घाला. केस मोकळे सोडा. आधी तसा फोटो, मग मिशनचे नवे कपडे घालून दुसरा. मग खोलीची किल्ली."

मडमने समजावलं, "आमच्या देशातील बंधुभगिनींना दिसले पाहिजे, तुम्ही कोणत्या दशेतून आलात."

आमची दशा! ती आम्ही नदीत धुऊन आलो होतो. त्यांना ती परत अंगावर हवी होती.

लोकांनी गाठोडी सोडली. पुरुषांनी सदरे उतरवले. माझ्या नवऱ्यानेही. उघड्या अंगाने, खाली मान घालून रांगेत उभा राहिला. बाईने पुढे होऊन पोरांचे भांग विस्कटले. मला शिसारी आली. मडमची आली, बाईची आली. नवऱ्याचीही आली, खोटं कशाला बोलू? गावाने आम्हाला घाणेरडं म्हटलं तेव्हा राग आला होता. इथे घाण अंगाला फासून वर हसायचं होतं.

बाई माझ्यापाशी आली. "तू काय बघतेस? बदल लवकर."

"हाई मनं लुगडं शे. मी नही बदलस."

"मग खोली नाही मिळायची. पोटुशी आहेस, विचार कर."

केला. तिथेच उभ्या उभ्या केला. याच फोटोवर माझं मूल जन्माला येणार, आणि मग हे लोक जन्मभर त्याला सांगणार, बघ, तू असा होतास, आम्ही तुला असा केला. मी गाठोडं उचललं आणि फाटकाबाहेर पडले. नवरा हाक मारत होता. मागे वळले नाही. सासू तेवढी धापा टाकत मागे आली.

पारोळ्याच्या रस्त्याला, गायरानाच्या कडेला आम्ही दोघींनी कुडाची भिंत उभी केली. मुलगी तिथेच झाली. नवरा आठ दिवसांनी सदरा घालून आला. मी दार अडवलं नाही.

पुढे त्याच बाईने निरोप धाडला. मडम दयाळू आहेत, येऊन माफी माग, खोली अजून रिकामी आहे.

मी उलट निरोप दिला, "चूक तुमनी शे. माफी तुम्ही मांगा."

कुणी आलं नाही. येणारही नव्हतं. पण तेव्हापासून माझ्या दारात जो कुणी मदत घेऊन येतो, गावचा असो, सरकारचा असो की देवाचा, त्याला मी आधी बाहेर उभा करते आणि विचारते, बदल्यात काय उतरवायला लावणार आहेस? उत्तर नीट आलं नाही, तर त्याने आल्या वाटेने चालतं व्हायचं.