राजाची मराठी

झेरॉक्समधून निघालेल्या गरम कागदाचा वास आला की घाटंजीतलं ते टायपिंगचं दुकान आठवतं. माझ्या कादंबरीतला गुराखी राक्षसांना हरवून राजा होतो. आधी तो आमच्यासारखं वऱ्हाडी बोलायचा. मुकुट चढल्यावर मी त्याच्या तोंडी पुस्तकी मराठी घातली. टाइप करणाऱ्या बाईंचा हात तिथेच थांबला. "आता हा मायसंगबी असाच बोलते का, सर? माहा भाऊ सायब झाला, पन बोली थेच हाय. पयले मायवर खेकसे, आता तिचं ऐकून घेते." "पात्र मोठं झालंय, ते भाषेतून दिसायला हवं," मी म्हणालो. पुस्तक तसंच छापलं. काल नव्या नंबरवरून आईला फोन केला. "कशी आहेस?" म्हणालो. तिनं अदबीनं विचारलं, "कोन बोलून राह्यले जी?"