आडवाट मंडळाची पिशवी

सलीमभाई गेल्याचं मला एका टीव्ही वाहिनीच्या पानावरून कळलं. मी तेव्हा शिरूरला लेकीकडं होतो, त्यांच्या घरून भाभींचा फोन मागाहून आला. मोबाइलवर श्रद्धांजली होती, खाली त्यांनी लिहिलेल्या मालिकेतला एक तुकडा... आणि त्या तुकड्यावर मागून चिकटवलेलं खदाखदा हसणं. रडू यायच्या आधी मला संताप आला. माणूस गेल्यावर तरी ते हसणं काढायचं होतं!

सलीमभाई दौंडचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. दर रविवारी आम्हा चार-पाच रिकामटेकड्यांना घेऊन पायी भटकायला निघत. कधी भीमेच्या काठानं, कधी कासुर्डीच्या माळावर. नियम एकच, कुणाला वाट विचारायची नाही. जो विचारेल त्यानं सगळ्यांच्या भाकरीची पिशवी दिवसभर वाहायची. मग काय, ओझं नको म्हणून आम्ही उसात शिरायचो, कालव्याला अडायचो, पण तोंड उघडायचो नाही. शेवटी तेच म्हणायचे, "मीच इचारतो बाबांनो, न्हाईतर ह्या उसातच म्हातारं व्हऊ." आणि पिशवी खांद्याला लावायचे.

यावरच त्यांनी 'आडवाट मंडळ' लिहिली. इतकी निर्मळ विनोदी मालिका मी दुसरी पाहिली नाही. त्यात पिशवी वाहणारा गडी वारतो. पुढच्या रविवारी मंडळी त्याच्या दारात जमतात, पिशवी ओट्यावर असते आणि उचलायला कुणीच पुढं होत नाही. एक शब्द नाही. वाहिनीच्या साहेबांनी नेमकं तिथं हसणं घातलं! सलीमभाई तडक पुण्याला गेले, मी सोबत होतो. "साहेब, आमच्या मान्सांना कुठं हसायचं ते कळतं. आन् कुठं गप बसायचं ते बी कळतं." साहेब म्हणाले, विनोदी मालिकेत शांतता परवडत नाही. पुढं मालिका दुपारी ढकलली, मग बंदच केली. का, तर प्रेक्षक नाहीत! भर दुपारी गावाकडं टीव्हीपुढं बसायला माणूस मोकळा असतो का? मालिका बंद केल्यावर ज्यांनी त्यांना दारात उभं केलं नाही, ते आज 'आमचा लाडका लेखक' म्हणून गळा काढतात. मी फोन करून सांगितलं, निदान ते हसणं तरी काढा. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, पण लोकांना आवडतंय."

चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतरच्या रविवारी आम्ही सलीमभाईंच्या दारात जमलो. भाभींनी भाकरी करून पिशवी ओट्यावर आणून ठेवली. कुणी हात लावेना. आमच्यातले कारेगावचे आप्पा नुसतेच चपलेकडं बघत उभे. मालिकेत होतं तसंच सगळं, फक्त मागून कुणी हसत नव्हतं. मला ते सोसेना. ज्या गल्लीत माझी उभी हयात गेली, तिथं उभा राहून मी विचारलं, "भाभी, नदीकडं कुठून जायचं?"

भाभी माझ्याकडं बघत राहिल्या. मग डोळ्यांना पदर लावून हसल्या.

"इचारलंत न्हवं? मग घ्या पिशवी."