पऱ्हाटीच्या बोंडांचं तोरण

आमच्या घरातला टीव्ही गोधडीत गुंडाळून दिराच्या ऑटोतून गेला, तेव्हा माझी मुलगी दारात उभी राहून त्याला हाताने टाटा करत होती. तोंडाने नाही. तोंडाने ती काहीच करत नव्हती. तिसरं लागायला आलं तरी 'म' आणि 'बा' यांच्यापुढे गाडी सरकत नव्हती. यवतमाळच्या डॉक्टरांनी तिचे कान तपासले, ते ठणठणीत आहेत असं सांगितलं आणि मग मला विचारलं, "दिवसभर हिच्याशी बोलतं कोण?"

"आम्ही सगळेच," मी म्हणाले. धडधडीत खोटं. मी मारेगावात बँकेच्या काउंटरवर बसते. नवऱ्याची नोकरी उमरखेडला. तो शनिवारी एसटीनं येतो आणि सोमवारी अंधारातच निघतो. घरी सासूबाई आणि मुलगी. सासूबाईंच्या मागे स्वयंपाक, शिवाय शेतातल्या निंदणा-वेचणीचं सगळं फोनवरून त्याच पाहतात. मुलीला खरं सांभाळत होता तो टीव्ही, आणि तो बंद असला की माझा जुना मोबाइल.

डॉक्टरांनी दोन्ही बंद करायला सांगितले. घाबरलेल्या माणसाला एक गोष्ट सांगितली की तो चार करतो. मी बॅटरीवर गाणारी खेळणी माळ्यावर टाकली, प्लास्टिकची फुलं टाकली, लग्नात आलेला काचेचा ताजमहालसुद्धा कुणाला तरी देऊन टाकला. बैठकीच्या चारही भिंती उघड्या पडल्या. त्या मोकळ्या खोलीत तिचं न बोलणं मला आणखीच जाणवायला लागलं. काहीतरी करायला हवं होतं, आणि मला शांत बसता येत नाही हा माझा जन्मजात दोष आहे.

म्हणून मी वस्तू करायला घेतल्या. चिंचोके, कवठाच्या करवंट्या, वाळलेली सागाची पानं, तुरीच्या वाळक्या काड्या म्हणजे तुऱ्हाट्या, आणि आमच्याच शेतातल्या पऱ्हाटीची कापूस वेचून झालेली बोंडं. कपाशीच्या झाडाला आमच्याकडे पऱ्हाटीच म्हणतात. बेत असा होता की मुलीला जवळ बसवायचं, एकेक वस्तू दाखवायची, तिचं नाव घ्यायचं, आणि त्याबरोबर भिंतही सजेल. बँकेतून आले की एका गॅसवर भात, दुसऱ्यावर वरण आणि मी जमिनीवर सुई-दोरा घेऊन.

"हे बोंड. म्हण, बोंड."

ती माझ्या तोंडाकडे पाहायची.

"बरं, हे पान. पा-न."

ती पानाकडे पाहायची. फार शहाण्यासारखं पाहायची, त्यानं तर मला रडू यायचं.

सासूबाईंना हे सगळं थेरच वाटत होतं. "पऱ्हाटी चुलीत घालाची असते. तू भितीवर कायले टांगून राह्यली वं?" त्या म्हणाल्या. मग बोंडांतून अळ्या निंगतीन म्हणून त्यांनीच ती सुपात घेऊन गच्चीवर कडक उन्हात वाळवली, झटकली, एकेक पाहून निवडली. त्यांचं असंच असतं. आधी नावं ठेवायची आणि मग ते काम माझ्यापेक्षा नीट करून द्यायचं.

तोरण छान झालं. करवंट्यांचे दिवे झाले, सागाच्या पानांचा एक गोल दाराच्या वर गेला. येणारे-जाणारे फोटो काढायला लागले. "किती साधं राहता हो तुम्ही! किती शांत वाटतं तुमच्याकडे." मी हसायची. कुठली शांतता! पोरगी त्या वस्तूंच्या जवळ गेली की माझा जीव टांगणीला लागायचा. चिंचोका नाकात घातला तर? बोंडाचं टोक डोळ्यात गेलं तर? "हात नोको लावू," मी सुई दातांत धरून म्हणायची. भाताचं झाकण काढता काढता म्हणायची, बँकेत निघताना पायात चप्पल सरकवता सरकवता म्हणायची. दुपारी फोन करून सासूबाईंनाही विचारायची, "तिनं हात तर नाही लावला?"

"तू नोकरी करून राह्यली का पहारा?" त्या म्हणायच्या.

पाहुणे चहा पिऊन झाला की हमखास विचारायचे, "बोलते का आता?" आणि उत्तराची वाट न पाहता, "पोरी तं लवकर बोलतात म्हणते." मला त्यांच्या हातातली कपबशी काढून घ्यावीशी वाटे. सासूबाई मात्र न चिडता म्हणायच्या, "इचा बाप बी उशिराच बोलला. आता पाहा, थांबते काय तो?" मला त्यांचा आधार वाटायचा आणि तरी रोज मनात तेच घोळायचं: ही बोललीच नाही तर? मी नसेन तेव्हा हिला तहान लागली हे कुणाला कसं कळेल?

पोळ्याच्या पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी परत बोलावलं होतं. तोवर फरक दिसला नाही तर पुढच्या तपासण्यांसाठी नागपूर.

आणि मधे तान्हा पोळा आला. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हा लहान पोरांचा पोळा असतो. पोरं आपापले लाकडी बैल सजवून मारुतीच्या देवळासमोर रांगेत उभी राहतात, पूजा होते, चांगल्या सजावटीला बक्षीस मिळतं, आणि मग घरोघर फिरून बोजारा मागायचा, म्हणजे खाऊ आणि चिल्लर. आदल्या वर्षी मी मुलीला बरं नाही असं सांगून दार लावून घेतलं होतं. या वर्षीही तोच विचार होता.

"काहून नाई न्याचं?" सासूबाई कडाडल्या. "लेकरू बोलत नाई म्हून त्याचा सणबी बंद का?"

नवरा नेमका सुटी घेऊन आला होता. तो म्हणाला, "घेऊन जाऊ ना." त्याला सगळं सोपं वाटतं, सोमवारी जायचं असतं ना.

मग मी तिच्या लाकडी बैलामागे लागले. बाजारातल्या बेगडीला हात लावला नाही. शिंगांना गेरू, पाठीवर सासूबाईंच्या जुन्या लुगड्याची झूल, कपाळाला ज्वारीच्या दाण्यांचं बाशिंग, आणि गळ्यात भिंतीवरच्या तोरणातून काढलेल्या बोंडांची आणि चिंचोक्यांची माळ. मुलगी समोर मांडी घालून बसली होती, दोन्ही हात मांडीत. इतकी गुणी की मला तिचं कौतुक वाटलं.

देवळासमोर ही गर्दी. पोरं धोतरं-फेटे घालून, भोंगा चालू, बैलांची चाकं एकमेकांत अडकलेली. परीक्षक म्हणून शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. त्या प्रत्येक पोरासमोर वाकून विचारत होत्या, "नाव काय बाळा तुझं?" हेच ते. याच्यासाठीच मी घराबाहेर पडत नव्हते. एक पोरगं नावासोबत वडिलांचं नाव, गाव, वर्ग सगळं सांगून मोकळं झालं. त्याच्या शेजारची चिमुरडी, आमच्यापेक्षा लहान, खणखणीत बोलली. मुलीच्या मागे उभी राहून मी उत्तर तयार ठेवलं: ती लाजते थोडी. ती लाजते थोडी. हसून म्हणायचं, लगेच म्हणायचं.

बाई आमच्यासमोर आल्या. पण त्यांनी नाव विचारलंच नाही. त्यांची नजर माळेवर गेली. "अरे वा, पऱ्हाटीची बोंडं! कोणं केलं हे?" असं म्हणत त्यांनी माळ उचलायला हात पुढे केला.

"हात नोको लावू!"

मला आधी वाटलं मीच बोलले. शब्द माझे, सूर माझा, शेवटी आवाज चढवायची ती खोडसुद्धा माझी. पण खाली माझी मुलगी बैलाच्या आडवी उभी होती, बाईंवर एक बोट रोखून. "हात नोको लावू," ती पुन्हा म्हणाली. स्वच्छ. एक अक्षर इकडचं तिकडं नाही.

बाई खळखळून हसल्या. आजूबाजूचे हसले. सासूबाईंनी तिला उचलून घेतलं आणि भर देवळासमोर रडायला लागल्या, "बोलली वं माय माही, बोलली!" नवरा ज्याला त्याला प्रसाद वाटत सुटला. मीही रडले. इतका आनंद मला तिच्या जन्माच्या वेळीही झाला नव्हता, हे खरं आहे.

बोजारा मागून घरी येईपर्यंत तो आनंद टिकला. दारात चपला काढताना भिंतीवरचं उरलेलं तोरण दिसलं आणि तिचे पहिले शब्द पुन्हा कानात वाजले. बोंड नाही, पान नाही, आई नाही. इतके महिने मी तिच्याशी सगळ्यांत जास्त काय बोलले, ते तिनं नीट ऐकून ठेवलं होतं. दिवसभर हिच्याशी बोलतं कोण, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. त्यांना सांगायला आता माझ्याकडे एक वाक्य होतं, आणि ते कोणतं हेही सांगावं लागणार होतं.

मी स्टुलावर चढले, तोरण खाली काढलं आणि मुलीच्या समोर जमिनीवर ठेवलं.

"घे," मी म्हणाले. "तुझंच आहे. लाव हात."

ती तोरणाकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मी हसले, मान हलवली, पुन्हा म्हणाले, "लाव गं माय, लाव."

तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि घट्ट धरून ठेवले.