अक्कांची हिरवी ज्वारी

आमच्या थोरल्या जाऊबाई, अक्का, ज्वारीला बुरशी आली की हरखायच्या. हसू नका. ज्वारी कुकरमध्ये वाफवून बरण्यांत भरायच्या, धुळ्याच्या शेती-प्रशिक्षणातून आणलेलं बाटलीतलं विरजण त्यात सोडायच्या, आणि आठ-दहा दिवसांत दाणे हिरवे झाले की बरणी उन्हाकडे धरून मला हाक मारायच्या, “ये वं, पाह्य, कशी हिरवीगार शे!”

त्यांचं माहेर पारोळ्याकडचं, त्यामुळे अहिराणी बोली कधी सुटली नाही. “हाई बुरशी चांगली शे. वाईट बुरशीले मारस.” मग मला उलगडून सांगायच्या: ही बुरशी मुळाशी घातली की आपल्या अंगातून औषध सोडते, मुळं कुजवणारी बुरशी त्यानं मरते, केळीला मर रोग लागत नाही. माणसाचं पेनिसिलिनही असंच बुरशीतून निघालं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. नाना, म्हणजे त्यांचे यजमान, चिडवायचे, “केळीला आता शिळं वाढणार का?” तरी मागे लागून लागून अक्कांनी नव्या लावणीतल्या केळीच्या चार ओळी मिळवल्याच. “एक डाव करी पाहू द्या,” एवढंच त्यांचं मागणं.

लावण दोन दिवसांवर आली, आणि नेमके त्याच दिवशी माझ्या लेकीला पाहायला दोंडाईच्याचे पाहुणे यायचे होते. अक्का शेतात होत्या. मागच्या खोलीत हिरव्या बरण्यांची रांग. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही मला. पण पाहुणे नावं ठेवतील, एवढंच डोक्यात. सगळं उकिरड्यावर ओतलं, विरजणसुद्धा. बरण्या राखेनं लख्ख घासून उन्हात पालथ्या घातल्या.

अक्का शेतातून आल्या तशा पाहुण्यांसमोरच नानांनी त्यांना विचारलं, “काय, झालं का शिळं तयार?”

अक्कांनी पालथ्या बरण्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, “नासनं. बठ्ठी चूक मन्ही शे.” सगळा दोष त्यांनी स्वतःवर घेतला.

नाना खो खो हसले, पाहुणेही हसले. मी मान खाली घालून चहा गाळत राहिले.

त्या चार ओळी अक्कांना पुन्हा मिळाल्या नाहीत. त्या वर्षी मर आली. ज्वारीनं थांबली असती का, कोण जाणे. ते पाहायची सोयच मी ठेवली नाही. लेकीचं तिथंच जमलं, अक्कांनी हौसेनं हळद दळली. दोन वर्षांनी त्या गेल्या. तोवर रोज एका चुलीपाशी बसलो, पण त्या बरण्यांची कबुली मी दिली नाही.

आता ज्वारी मी हिरवी करते. गावातल्या बाया रिकाम्या बरण्या घेऊन येतात, विचारतात, “काकू, हे कुणाकडून शिकलात?”

“अक्कांकडून,” मी सांगते. त्यांच्या बरण्या कुणी घासल्या होत्या, ते आज पहिल्यांदा लिहिते आहे.