ओट्यावरची शिकवणी

लग्न होऊन मी मध्य प्रदेशातल्या मराठी मुलखात, सौसर गावी आले. दुसऱ्या हिवाळ्यात शेजारच्या खोलीत केरळची एक नर्स राहायला आली. तिची हिंदी मोडकीतोडकी, मराठी तर मुळीच नाही. माझे यजमान शाळेत इंग्रजी शिकवायचे. पेशंटशी बोलता यावं म्हणून ती संध्याकाळी त्यांच्याकडे मराठी शिकायला येऊ लागली. दोघं ओट्यावर बसून इंग्रजीत बोलत आणि खूप हसत. मी आत भाकरी थापत असे. माझ्यासोबत ते कधी असे हसले नव्हते. चहा देताना मी कप जरा आपटूनच ठेवायची.

"काय हसून राहिले होते जी?" मी मागाहून विचारायची.

"तुले नाही समजत ते."

मी मॅट्रिकला इंग्रजीतच नापास झालेली. मास्तर नवरा मिळाला, आता हा आपल्याला शिकवील, असं धरून आले होते. पण मी तसं त्यांना बोलले कधीच नाही.

एकदा ते पेपर तपासायला पांढुर्ण्याला गेले होते, तेव्हा ती आली. मी दारातच विचारलं, "इतना क्या हसते तुम लोग?"

तिनं सांगितलं, एका म्हाताऱ्याला ती 'जीभ दाखवा'ऐवजी 'जीप दाखवा' म्हणाली, तर त्यानं खिडकीतून दवाखान्याची जीप दाखवली. मलाही हसू आलं, आणि त्याचाच जास्त राग आला.

"दीदी, आप कभी बैठते नहीं," ती म्हणाली. "मैं समझी, मैं आपको पसंद नहीं।"

मी दारातून बाजूला झाले आणि तिला आत घेतलं. मग तिलाच विचारून एक इंग्रजी वाक्य पाठ केलं.

यजमान परतले, तशी त्यांच्यासमोर उभी राहिले. "आय टॉट यू वुड टीच मी."

"टॉट नाही, थॉट."

माझा तोल गेला. "खड्ड्यात गेलं थॉट! मले वाटलं होतं तुमी मले शिकवान, अन् तुमी तिले शिकवून राहिले!"

त्यांनी पिशवी खाली ठेवली. "मले वाटे, तुले घरकामातून फुरसतच नाही. तू बोलली कधी?"

दुसऱ्या दिवसापासून मीही ओट्यावर बसू लागले. उन्हाळ्यात तिची बदली झाली, तरी माझी शिकवणी त्यांनी चालू ठेवली, अगदी मन लावून. मी मॅट्रिक पास झाले. पण माझ्या चुका ते गंभीरपणे लाल पेनानं दुरुस्त करायचे. त्यांवर हसले मात्र कधीच नाहीत.